एका अंगाला बसवलेला बॉयलर

ते इंजिन उजव्या बाजूनंच बघायचं असायचं. डावीकडं बघण्यासारखं काही नव्हतं. आडवा तांब्याचा नळा, म्हणजे बॉयलर, आणि खाली चाकं, बस. सगळी यंत्रं उजवीकडं. तीन उभे सिलेंडर एकमेकांना खेटून, त्यांच्या खालून एक लांब दांडा पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत गेलेला, आणि प्रत्येक चाकाशी दातेरी गिअर. साधं इंजिन जिथं घसरतं तिथं हे चढतं, असं अप्पा सांगायचे. परदेशातल्या डोंगरांत जंगलतोड चालायची तेव्हा ओंडके खाली आणायला असली इंजिनं असत. रूळ कसेतरी टाकलेले, चढ उभा, वळणं आखूड. तिथं गिअरचं इंजिन हळूहळू पण न थांबता जायचं. आम्ही त्याचं हातभर लांबीचं पोरगं करत होतो, खऱ्या वाफेवर चालणारं.

अप्पा म्हणजे ज्यांच्या घरी मी उमरग्याला स्वयंपाकाला होते ते. हायवेला लागून त्यांचं लेथचं दुकान. जन्मभर त्यांनी ट्रकचे शाफ्ट सरळ केले, शाफ्टचे जॉइंट बदलले, क्राऊन-पिनियनचे दातेरी गिअर बसवले. वय झालं, हात कापायला लागले, तसं दुकान बंद केलं. पण लेथ विकली नाही. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणायचे. त्या गेल्यावर हैदराबादच्या मुलानं घरी राहणारी बाई शोधली. ती मी.

मी झाडीतली. म्हणजे पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाची, पूर्वेकडच्या जंगलातली. वडील लाकडाच्या डेपोत होते. शाळा चौथीनंतर सुटली. नवरा आरागिरणीवर कामाला, आणि काम जिकडं तिकडं आम्ही, असं करत करत इकडं आलो. इथंच तो वारला. माहेरी भाऊ-भावजय आहेत. त्यांनी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मला फारसं काही वाटेनासं झालं. ही तक्रार नाही. पोळी करपली की कळायचं, कुणी हसलं की मीही हसायचे; पण आत काही हलायचं नाही. एक भीती तेवढी जागी असायची. ही जागा गेली तर? त्या भीतीपायी मी गॅसचं बटण बंद करून पुन्हा बघायला जायचे, आणि मुलाचा फोन वाजला की हातातलं भांडं आधी खाली ठेवायचे.

अप्पांनी मला कधी मोलकरणीसारखं वागवलं नाही. मी काही तिखट-मीठ विसरले तर ते न बोलता वाटीतून घालून घ्यायचे. त्यांनी मला मागची खोली दिली, तिला आतून कडी लावून दिली, आणि कडी नीट बसते का ते स्वतः बाहेरून ढकलून बघितलं. एवढ्यावरच मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

इंजिनाचं खूळ त्यांनी अमेरिकेहून आणलं होतं. मुलीच्या बाळंतपणाला अव्वा आणि ते तिकडं राहिले होते. बारशानंतर अप्पांना घरात करमेना, म्हणून जावई सगळ्यांनाच एका जंगलात घेऊन गेला. तिथं हे जुनं इंजिन लोकांना बसवून फिरवायचे.

"बाई, मी बघतो तर काय," अप्पा सांगायचे. "आपला ट्रकचा शाफ्ट! तसाच जॉइंट, तसंच क्राऊन-पिनियन. फक्त खाली लपवायचं सोडून बाहेर टांगलेलं. आयुष्यभर मी गाडीखाली पाठीवर झोपून जे बघितलं, ते तिथं लोक उभं राहून बघत होते. तिकीट काढून!"

अव्वा गेल्यानंतर त्यांनी ते बनवायला घेतलं. माझा संबंध आला तो एका स्क्रूमुळं. दाण्याएवढा स्क्रू त्यांच्या हातातून सुटला आणि ते जमिनीवर बसून चाचपत राहिले. मी झाडू मारता मारता उचलून दिला.

"चष्म्याशिवाय सुई ओवतेस?"

"ओवते जी."

"मग झाडू ठेव. बस हितं."

तसं मी बसले. पुढं ते सांगायचे आणि मी करायचे. पितळेच्या पातळ पत्र्यावर मागून बोथट दाभण दाबलं की पुढं रिव्हेटचं टिपूस उठतं. ओळीनं असली टिपूसं काढत मी दुपार-दुपार बसायचे. एक टिपूस वाकडं गेलं की सगळा पत्रा वाया, म्हणून दुसरं काही मनात आणता यायचं नाही. ते मला बरं वाटायचं. सोल्डरही शिकले. तापलेली कांडी लावली, कथील चमकून सांध्यात पळालं की लगेच हात काढायचा. रेंगाळलं की मागचा सांधा सुटतो. गिअर आम्ही जुन्या हातड्रिलांतून काढले. भंगारवाल्याला अप्पांनी सांगून ठेवलं होतं, तो पोत्यात भरून आणायचा.

ओंडके मात्र माझे. तुरीच्या वाळलेल्या तुराट्यांची साल अगदी झाडाच्या सालीसारखी बारीक चिरा पडलेली असते. त्या बोटाएवढ्या कापून मी त्यांची टोकं हळदीच्या पाण्यात बुडवली, म्हणजे नुकतं तोडल्यासारखं दिसेल. अप्पांनी वाघिणीवर, म्हणजे मालाच्या उघड्या डब्यावर, सगळे जाड बुडखे एकीकडं ठेवून रचले होते. मी म्हटलं, "असं नाही जी. आमच्याकडं एक बुडखा इकडं, एक तिकडं. नाही तर वळणावर माल सरकते." ते खूश झाले आणि सगळे खाली ओतून मला रचायला दिले.

शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका राहायचे. रोज चहाला यायचे आणि चहा संपेपर्यंत इंजिनाची टिंगल करायचे. पहिल्यांदा अप्पांनी चाकं वर धरून नुसत्या पंपाच्या हवेवर इंजिन चालवलं तेव्हा सिलेंडरांचा आवाज धडाधडा आला आणि चाकं मात्र रेंगाळत फिरली.

"वळखलं की!" काका म्हणाले. "आमच्या डेपोतली गाडी. आवाज हैदराबादला पोचल्याचा, गाडी अजून स्टँडातच."

"तुमी रिटायर झालात तवा कुठं ती गाडी निघाली म्हणं," अप्पा म्हणाले.

मुलाचा फोन दर रविवारी यायचा. अप्पांना कानाला धरून ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर लावलेला असायचा. त्यामुळं सगळं मलाही ऐकू यायचं.

"अप्पा, एकटं किती दिवस राहणार? पडलात-बिडलात तर? इकडं या. ते घर आणि दुकान देऊन टाकू कुणाला तरी."

"येतो की. न्हाय कुठं म्हणतो?"

"कधी पण?"

"ह्ये इंजिन वळण घेऊन परत जागेवर आलं की त्याच दिवशी फोन करतो. जबान दिली, जा."

"नक्की?"

"तुझ्या बापानं आजवर शाफ्ट उशिरा दिला आसंल, जबान न्हाय मोडली."

मुलगा हसला. मग म्हणाला, "आणि मावशींना सांगा, तोवर दुसरीकडं बघून ठेवायला. ऐन वेळी त्यांची अडचण नको."

ते बोलणं चांगलंच होतं. त्यानं माझा विचार केला, दुसऱ्या कुणी केलाही नसता. मी कणीक मळत होते, ती मळत राहिले. पण त्या दिवसापासून मला कळून चुकलं की मी जी रिव्हेटं दाबतेय, ती माझ्याच खोलीला कुलूप लावणारी आहेत. हे कळूनही हात तसेच चालले. मुद्दाम सावकाश करावं असं मनात आलं नाही, लवकर करावं असंही आलं नाही.

बॉयलर बसवायचा दिवस अप्पांसाठी मोठा. लेथवर काम करणाऱ्यांचं एकच दैवत, ते म्हणजे सेंटर. कुठलीही वस्तू आली की आधी तिचं सेंटर काढायचं, तिथं पंच मारून खूण ठोकायची, मगच बाकीचं. अप्पांनी चौकटीवर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, बरोबर मधोमध पंच मारला, आणि बॉयलर त्या रेघेवर बसवला. केसभरसुद्धा हललेला नव्हता. काकांनी बोट फिरवून बघितलं आणि त्यांनाही टिंगल सुचली नाही.

रूळ जुन्या दुकानाच्या फरशीवरच होते. भिंतीजवळ चढ, मग खिडकीखाली उजवीकडं आखूड वळण, मग उतार, मग परत जागेवर. वळणाला आतल्या बाजूला ढाळ द्यायचा हे काकांचं म्हणणं. "हायवेला वळणावर रस्ता आत कललेला असतो का न्हाय? न्हाय तर गाडी बाहेर फेकली जाते. आख्खी नोकरी मी त्या ढाळावर काढलीय." अप्पांना ते पटलं. ट्रकवाल्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस, त्यांना ते पटणारच. मुंगीनं ओलांडून जावं असल्या चालीच्या इंजिनाला कसला आलाय फेकला जाण्याचा धोका, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पहिल्यांदा वाफ केली तेव्हा स्पिरिटची निळी ज्योत, तापलेल्या तेलाचा वास, आणि दुकानात कितीतरी वर्षांनी कसला तरी आवाज. इंजिन ओंडक्यांच्या वाघिणी घेऊन चढ चढलं. खिडकीखाली वळणावर शिरलं, आणि सावकाश, अगदी दमल्यासारखं, उजवीकडं, वळणाच्या आतल्याच अंगाला, आडवं झालं. सिलेंडर खाली, चाकं वर. ओंडके फरशीवर पसरले. मी धावत जाऊन ज्योत विझवली.

"ढाळ कमी पडला," काका म्हणाले.

ढाळ वाढवला. आता ते आणखी लवकर पडलं. मग ढाळ काढून टाकला. तरी त्याच ठिकाणी कलायचं; कधी तोल सावरून दोन वाघिणींएवढं पुढं जायचं आणि मग पडायचं. अप्पांनी टायरच्या दुकानातून बॅलन्सिंगची शिशाची वजनं आणली आणि डाव्या बाजूला चिकटवली. वळणावर हातानं ठेवून बघितलं तर आता पडत नव्हतं, पण इंजिन इतकं जड झालं की चढच चढेना. वजनं काढली. पुन्हा आडवं.

असं कितीतरी दिवस चाललं. मुलाचा फोन यायचा. "झालं का अप्पा?" "वळणावर पडतंय रे." "मग मी येऊन घेऊन जाऊ?" "जबान काय दिलीय?"

मला हे लिहायला जड जात नाही म्हणून लिहिते: इंजिन पडलं की मला बरी झोप लागायची. आनंद व्हायचा असं नाही. फक्त गॅसचं बटण एकदाच बघून मी आडवी व्हायचे.

दुकानाच्या भिंतीवर अमेरिकेतला एक फोटो होता. मुलीनं काढलेला. खऱ्या इंजिनासमोर अव्वा उभ्या, नऊवारी, वर स्वेटर, पायात बूट, चेहऱ्यावर "आता झालं का" असा भाव. मी रोज त्याच्यावरून फडकं फिरवायचे. एके दिवशी चहा येईपर्यंत काका त्या फोटोपुढं उभे होते.

"अप्पा, वहिनी लई जरबेची बाई बघा."

"का?"

"अवो, इंजिन घाबरून बाजूला सरकलंय! वहिनी रुळाच्या बरोबर मधी उभ्या आन् इंजिनाचं तोंड त्यांच्या डाव्या खांद्याकडं. वाट दिली त्यानं. म्या आख्ख्या नोकरीत आसं भ्यालेलं वाहन बघितलं न्हाय."

काका एकटेच हसले. अप्पा उठले. फोटो खाली काढून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. हात कापत होते म्हणून मी दुसरी कड धरली. अव्वांचे बूट दोन रुळांच्या अगदी मधोमध होते. आणि मागं बॉयलरचं गोल तोंड, त्यावरचा दिवा, धुराडं, सगळं एका अंगाला. सेंटर सोडून इंजिनाच्या डावीकडं. उजवीकडं सिलेंडर टांगलेत, त्यांचं वजन तोलायला बॉयलर मुद्दामच पलीकडं सरकवलेला. कितीतरी दिवस तो फोटो भिंतीवर आमच्यासमोरच होता.

"मला वाटायचं हीच वाकडी उभी ऱ्हायली," अप्पा म्हणाले. "तिथंच मी तिला बोललो होतो. लोकांसमोर. म्हटलं, एक फोटू, तेवढ्यापुरतं तरी नीट मधी उभं ऱ्हाता येत न्हाय का तुला."

"मग काय म्हणाल्या वहिनी?" काकांनी विचारलं.

"म्हणाली, मधीच हाय की ओ."

काकांनी चहा अर्धा ठेवला आणि काही तरी काम निघालं म्हणून गेले. अप्पा फोटो मांडीवर घेऊन बसून राहिले. मी कप उचलले. विसळले. परत आले तरी ते तसेच.

"बाई."

"हो जी."

"बॉयलर सरकवायचा म्हंजे चौकटीला नवीन भोकं पाडावी लागतील. सोल्डर तुलाच करावं लागंल. माझ्यानं व्हायचं न्हाय." मग म्हणाले, "तू सांग. सरकवायचा का ऱ्हाऊ द्यायचा?"

त्यांना माहीत होतं. मी कधी बोलले नव्हते, पण त्यांना सगळं माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी फोटो परत खिळ्याला लावला असता आणि इंजिन वळणावर पडत राहिलं असतं. हे मी आजही खात्रीनं सांगते. मुलाला दिलेली जबानही मोडली नसती. मी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं होतं की अशा वेळी छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. फक्त त्यांच्या मांडीवरच्या फोटोत अव्वा कॅमेऱ्याकडं बघत मधोमध उभ्या होत्या, तेवढं दिसलं.

"सरकवा जी," मी म्हटलं. "त्या मधीच होत्या."

त्यांनी मान डोलावली.

नवी भोकं पाडायला अप्पांना वेळ लागला. थरथरत्या हातानं पाडली तरी ती सरळ पडली. पण त्याआधी सेंटर सोडून पंच मारताना त्यांचा हातोडा दोनदा खाली आला आणि मध्येच थांबला. "जमंना बाई," ते म्हणाले. "आयुष्यात केलं न्हाय." तिसऱ्यांदा मारला. मी जुना सांधा तापवून सोडवला, नवा लावला. बॉयलर एका अंगाला बसला. समोरून बघितलं की इंजिन चुकल्यासारखं दिसायचं, आणि आता ते अगदी फोटोतल्यासारखं होतं.

वाफ केली त्या सकाळी काकांनाही बोलावलं. मी ओंडके रचले, एक बुडखा इकडं, एक तिकडं. अप्पा खुर्ची घेऊन खिडकीजवळ बसले, वळणाच्या अगदी तोंडाशी. इंजिन निघालं. धडधडाट तोच, चाल तीच. चढ चढलं. इंजिन वळणाला लागलं तेव्हा अप्पांनी त्याच्याकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघितलं.

"बाई, आता तुझं काय?"

"बघू जी," मी म्हटलं. "तुम्ही तिकडं बघा, वळणावर आलं."

पण ते माझ्याकडंच बघत राहिले. त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले होते की वाफेनं, मला सांगता येणार नाही. मीही मग त्यांच्याकडंच बघत राहिले. "गेली!" काका ओरडले. "आयला, गेली की ओ! वळण मारलं! अवो बघा की!" आम्ही दोघांनी मान वळवली तेव्हा इंजिन वळण संपवून उताराला लागलं होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी घालवले ते आमच्या दोघांच्याही डोळ्यांनी बघितलं नाही.

त्याच दिवशी, रविवार नसताना, अप्पांनी मुलाला फोन लावला. म्हणाले, "ये." दुसरं काही सांगितलं नाही. मग मुलानं मला फोन द्यायला सांगितलं आणि फार आदरानं बोलला. मावशी, तुम्ही सांभाळलंत, आम्ही विसरणार नाही, असं म्हणाला. मी हो जी, हो जी म्हणत राहिले.

आता मी धाराशिवला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. काकांनी ओळखीनं लावून दिलं. एसटीत माझं बोचकंही त्यांनीच वर चढवलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "वळणावर सांभाळून, आत झाडीवाली बाई बसलीय, तिला समदं कळतं." इथं मुली चांगल्या आहेत. खोली दुसऱ्या एकीबरोबर आहे, कडी आहे. माझं भलं झालं, लोकांनी केलं, हे मी कधी नाकारत नाही.

अप्पांचा फोन येतो. हैदराबादच्या घरात ज्योत पेटवायची परवानगी नाही, म्हणून इंजिन कपाटावर ठेवलंय, एवढं त्यांनी पहिल्या फोनला सांगितलं. नंतर कधी इंजिनाचं नाव काढत नाहीत. किती पोळ्या कराव्या लागतात, पीठ कुठलं येतं, सोबतची बाई कशी आहे, असं विचारतात. मी सांगते. ते "बरं, बरं" म्हणतात. मग विचारायचं संपतं. तिकडून त्यांच्या श्वासाचा आवाज येत असतो. फोन ठेवू का असं म्हणायला हवं, पण ते म्हणत नाहीत, मग मीही म्हणत नाही. कणीक तिंबायची असते; मी फोन कानाखांद्यात धरून परातीशी बसते आणि तिंबायला लागते.